दाराबाहेरची चौथी ओळ

काशिनाथ,

काल तुझ्या व्हायोलिनच्या तारा सैल केल्या. भुसावळच्या उन्हाळ्यात ताणलेल्या तारा तशाच ठेवू नयेत, हे तूच मला शिकवलं होतंस. पण गेल्या महिन्यात तिकडे बघायचं कोणाला सुचलं? आपल्या गाणाऱ्या रोझीने ते तुझ्या हॉस्पिटलच्या खाटेखालून काढलं आणि ड्यूटी संपल्यावर नर्सच्या कपड्यांतच माझ्या खोलीवर आणून दिलं. मी एकेक खुंटी फिरवत होतो आणि एकेक तार कण्हत खाली येत होती. मला रडू यायला हवं होतं, आला राग. तुझाच. अडतीस हे काय जायचं वय आहे?

रेल्वे इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी म्हणाले, "देवरे, तुम्ही त्यांचे जवळचे. शोकसभेसाठी चार शब्द लिहून द्या." मी ड्रॉइंग ऑफिसातला ट्रेसर. अक्षर चांगलं, म्हणून लिहिण्याचं काम नेहमी माझ्याच गळ्यात पडतं. बसलो. 'कै. पाटील हे अत्यंत मनमिळाऊ होते' एवढं लिहिलं आणि कागद फाडून टाकला. तू मनमिळाऊ कधी होतास? हट्टी होतास. तालमीत एक सूर इकडचा तिकडे झाला तर चारचौघांत माझी लाज काढायचास आणि नंतर चहा पाजायचास. सेक्रेटरींना सांगितलं की मला जमत नाही. हे लिहितोय ते तुलाच.

ऑफिसात तुला पाटील म्हणायचे, मिसेस पिंटो शेवटपर्यंत 'काशिनाट' म्हणत राहिल्या, मी काशिनाथ म्हणायचो. काशी म्हणणारं माणूस जगात एकच होतं, सावद्याच्या अलीकडे तुझ्या गावात, केळीच्या बागेला लागून असलेल्या घरात. तुझ्या मायकडे जाऊन आलो. त्याबद्दलच सांगायचं आहे. खरं तर तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली, आणि ती दोन-चार दिवस नव्हे, चार वर्षं राहून गेली. तुझ्या गाण्याची चौथी ओळ मला माहीत होती.

थांब, चिडू नकोस. पहिल्यापासून सांगतो.

तू यार्डात मालडब्यांचे नंबर लिहून घेणारा बाबू, मी टेबलावर वाकून नकाशे गिरवणारा. आपली गाठ पिंटो मास्तरांनी घालून दिली. रेल्वेच्या बँडमधून निवृत्त झालेला तो म्हातारा तुला व्हायोलिन शिकवत होता, आणि मी धुळ्याहून नवा आलेला, लांब हातांचा, म्हणून माझ्या हातात त्याने व्हायोलिनपेक्षा मोठा व्हायोला दिला. "याची बोटं पोचतील," म्हणाला. बोटं पोचली, पण माझ्या भाषेची तू जन्मभर टिंगल केलीस. मी जरा गप्प बसलो की तू मुद्दाम माझ्याच अहिराणीत विचारायचास, "देवरे, तुना मनमा काय शे?" तुझ्या मनात काय आहे, एवढंच; पण तुमच्या सावद्याकडच्या हेलात ते इतकं विचित्र वाटायचं की मला हसू यायचं आणि मनातलं सांगूनही टाकायचो.

मास्तर गेले तेव्हा त्यांची ट्रंक मागे राहिली. साहेब लोक विलायतेला परतताना वह्या, छापील सुरावटी, काय काय त्यांच्याकडे टाकून गेले होते. त्यात ती जर्मन गाणी होती, साठेक वर्षांपूर्वीची, एक गळा आणि भोवती चार वाद्यं अशी. त्यांच्या पत्नी, मिसेस पिंटो, पियानोवर बसल्या. त्यांची रोझी गायला. ड्रायव्हर ओब्रायनने चेलो आणला. मेल गाडी चालवून त्याचे कान अर्धे गेले होते, सुरावटीतल्या खुणेला तो 'सिग्नल' म्हणायचा आणि चुकला की ओरडायचा, "सिग्नलपासून परत!" पियानोला वाळवी लागू नये म्हणून त्याचे पाय आपण पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. तालीम दर रविवारी. मधेच मालगाडी शिट्टी द्यायची आणि तू व्हायोलिनचा गज उचलून सांगायचास की इंजिन आपल्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली आहे.

त्या गाण्यांवरून आपला वाद जुंपला तो कायमचा. मला ती फार आवडायची. सूर कसे दाट, एकात एक मिसळलेले, संपता संपत नाहीत. मिसेस पिंटो अर्थ सांगायच्या: संध्याकाळ झाली आहे, झाडं गप्प आहेत, कोणीतरी कोणाची तरी वाट बघत आहे. तू म्हणायचास, "गाणी मोठी आहेत, देवरे, पण मावळतीची आहेत. ही माणसं घरातला एकेक दिवा मालवत चालली आहेत. मालवून झाले, मग पुढे काय?" मी म्हणायचो, पुढे काही नको, इथेच थांबू. तू म्हणायचास, "पुढे पहाट होते. आणि पहाटे माझी माय जात्यावर बसते."

तिथून ते खूळ तुझ्या डोक्यात शिरलं. आपला कार्यक्रम करायचा. आधी त्यांची मावळतीची गाणी, मग आजची, म्हणजे तू केलेली. त्याच पाच जणांत, त्याच वाद्यांवर, पण शब्द तुमच्या गावाकडचे. आम्ही सगळे हसलो. ओब्रायनला तर ऐकूच आलं नाही, तो नुसता मान हलवत होता. सहा महिन्यांत तू तीन गाणी लिहून आणलीस आणि हसणं बंद झालं.

तिसरं गाणं मायच्या ओवीवर होतं. तू लहान असताना ती पहाटे दळायची आणि तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचास. जातं फिरायचं, मांडी हलायची. तीन ओळी तुला लख्ख येत होत्या. पहिलीत केळीच्या मुळाशी जाणारं पाटाचं पाणी, दुसरीत लेकराच्या उशाशी अडकलेला जीव, तिसरीत दाराशी आलेला वारा. चौथी येत नव्हती. "चौथीपर्यंत मला झोप लागायची," तू म्हणालास. "इतक्या वर्षांत एकदाही जागा राहिलो नाही."

मी म्हटलं, मग आपण एक ओळ बनवू. मुळाशी, उशाशी, दाराशी. तुळशी घाल. एकादशी घाल. नाहीतर मावशी घाल. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी नकाशावर शाई सांडली.

"ओळ तिची आहे," तू म्हणालास. "ती देईल तर येईल. नाहीतर रिकामी राहील."

म्हणून आपण दोघं पॅसेंजरने तुझ्या गावी गेलो. आठवतं का? मायने आधी जेवायला वाढलं, मग तू विषय काढलास. चेंबर म्युझिक म्हणजे काय हे तिला समजावताना तू म्हणालास, "माय, चार जणं ओसरीवर बसून वाजवतात ना, तसंच." तिने सगळं ऐकून घेतलं. ताटातलं उष्टं गोळा करता करता म्हणाली, "जात्यावरचं गाणं जात्यापाशी म्हणाचं. मडमेच्या पेटीवर कशाले?"

"लोक ऐकतील, माय."

"लोकांसाठी नव्हतं ते. तुले तीन येतात ना? तितक्यात भागव."

"तीनवर गाणं पुरं होत नाही."

"मंग नको होऊ दे पुरं. मी देत नही अन् तुमच्या त्या तमाशाले येत पण नही."

तमाशा म्हणाली, आणि तू उठलास. "नको देऊस. जागा रिकामी ठेवीन, पण दुसऱ्या कोणाची ओळ घालणार नाही," म्हणालास, आणि हातावर पाणीही न घेता अंगणात गेलास. मी आपला दोघांच्या मधे, तोंडात घास. तुम्ही मायलेक एकाच मातीचे होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि खरंच तू ती जागा रिकामी ठेवलीस. चौथ्या ओळीला रोझीने गप्प उभं राहायचं. पियानो गप्प, चेलो गप्प, तू स्वतः गप्प. ओवीची चाल तेवढी माझ्या व्हायोलावर, एकट्यावर. मी भांडलो. म्हटलं, लोकांना वाटेल पोरगी शब्द विसरली. म्हटलं, हे अर्धवट आहे, कारागिराने अर्धवट वस्तू गिऱ्हाइकाला देऊ नये. तू फक्त म्हणालास, "जोरात वाजवू नकोस. कोणीतरी आतल्या आत म्हणतंय, असं वाटलं पाहिजे."

आता माझी गोष्ट. आपल्याकडे लोक कार्यक्रमाला येतात ते मधेच येतात, मधेच पान खायला जातात, मधेच शेजाऱ्याला हाक मारतात. मला ते खपायचं नाही. मी इन्स्टिट्यूटच्या दारावर लावायला पाटी केली. काळी शाई, ठळक वळणदार अक्षर, खाली दुहेरी रेघ: 'गाणे चालू असताना दार उघडले जाणार नाही.' तू म्हणालास, "देवरे, हे भुसावळ आहे. राहू दे." मी म्हटलं, निदान एक संध्याकाळ तरी शिस्तीत होऊ दे. गुलाबराव शिपायाला दाराबाहेर उभं केलं आणि बजावलं की डिव्हिजनचा मोठा साहेब आला तरी उघडायचं नाही. तू हसून सोडून दिलंस. त्या दिवशी तरी हट्ट करायचा होतास.

जानेवारीतला रविवार, संध्याकाळचे पाच. हॉल निम्मा भरला होता. जर्मन गाणी लोकांनी देवळात बसल्यासारखी ऐकली, टाळी कुठे वाजवायची हे कोणालाच कळेना. मग तुझी गाणी सुरू झाली आणि मागच्या रांगा सावरून बसल्या. ओवी आली. रोझीने तीन ओळी अशा म्हटल्या की त्या गोव्याच्या पोरीच्या तोंडून तुझं गाव बोलायला लागलं. मग ती थांबली. पुढच्या खुर्चीतले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "विसरली वाटतं." मी गज टेकवला.

माझी खुर्ची दाराला लागून होती. तुझी पलीकडे, पियानोजवळ, आणि तू डोळे मिटले होतेस. पहिल्याच सुराला मला दाराबाहेरून आवाज आला. बाईचा, जाडसर, माझ्याबरोबर चालणारा. शब्दांसकट. मला वाटलं, आली कोणीतरी गडबड करायला, आणि गुलाबराव झोपा काढतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो आवाज आत येऊ नये म्हणून, काशिनाथ, मी गज दाबला. जोरात वाजवलं. तू नको म्हणाला होतास तेवढं जोरात वाजवलं आणि तो आवाज हॉलपुरता बुडवला; दाराला लागून बसलेल्या मला मात्र ओळ शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू आली.

टाळ्या पडल्या. तू उठून माझ्या पाठीवर हात ठेवलास, तुझे डोळे भरले होते. "माझं चुकलं होतं," तू म्हणालास. "तो शेवट असाच वाजायला हवा होता." तू आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केलीस, आणि ती तुझी चूक नव्हतीच.

मी दार उघडून तणतणत बाहेर गेलो. पायरीवर माय बसली होती. डोक्यावरून पदर, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. पॅसेंजर उशिरा आली, म्हणून ती उशिरा पोचली. गुलाबरावाने तिला पाटी वाचून दाखवली होती. 'मी त्याची माय आहे' एवढं म्हणाली असती तर त्याने दार मोडून तिला आत नेलं असतं. ती म्हणाली नाही. पायरीवर बसून सगळं ऐकलं.

मी म्हटलं, "माय, चला आत. त्याला बोलावतो."

ती घाईने उभी राहिली. "नको नको. मी ठरवून आली नही, मन नही मानलं म्हणून आली. त्याले सांगू नको."

"असं कसं? त्याला किती..."

"मी येणार नही म्हटली होती. आता समजलं तर हसेल मले." तिने माझा हात धरला. "सांगशील तर तुले त्याची आण आहे. लेकराची आण आहे माझ्या."

फडकं माझ्या हातात दिलं आणि सातच्या गाडीसाठी स्टेशनाकडे निघाली. फडक्यात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी होत्या, लसणाची चटणी होती. आपण सगळे मिसेस पिंटोंच्या घरी जमलो तेव्हा मी त्या तुझ्यापुढे ठेवल्या आणि सांगितलं, धुळ्याहून घरून आल्या आहेत. तू एक घास घेतलास, चावता चावता थांबलास. "मायच्या हातची लागते," म्हणालास आणि माझ्याकडे बघितलंस. मी चटणीकडे बघत राहिलो. त्यानंतर तू काही विचारलं नाहीस आणि तीनही भाकरी एकट्याने संपवल्यास.

तू म्हणशील, एवढा शिकलेला माणूस आणि आणेला घाबरला? देवापुढे हात जोडताना मी नेहमी तुझी चेष्टा केली. पण ती आण तुझ्या जिवाची होती. मोडायची आणि काही झालं तर? असं मी मनाशी म्हणायचो. आणि आज तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार आहे, म्हणून दुसरंही सांगतो. आण होती म्हणून मी सुटलो होतो. तुला ओळ सांगितली असती तर ती कुठे ऐकली हे सांगावं लागलं असतं. मग पाटी, मग दार, मग तो दाबलेला गज. तू ज्या वाजवण्याची आठवण काढून मला मान द्यायचास, ते वाजवणं म्हणजे तुझ्या आईचं तोंड दाबणं होतं. हे सांगायला मला तोंड नव्हतं.

चार वर्षं तू ती ओळ शोधत राहिलास. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलंस, रावेरच्या बाजाराला येणाऱ्या बायकांना विचारलंस, फक्त तिला विचारलं नाहीस. दर काही महिन्यांनी यायचास आणि म्हणायचास, "बायकांच्या शंभर ओव्या लिहून घेतल्या, ती नाही सापडली." मी म्हणायचो, सापडेल. केवढा निर्लज्ज मी.

महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात तुला कावीळ झाली. स्टेशनावर दिव्यांच्या माळा होत्या आणि तू पिवळ्या डोळ्यांनी त्या बघत माझ्याबरोबर हॉस्पिटलात चालत गेलास. चालत. दहा दिवसांत घरी येतो म्हणालास. मायला गावाहून आणलं ते शेवटच्या दोन दिवसांत; तेव्हा तू माणसं ओळखत नव्हतास. पण त्याच्या आधीचा तो बुधवार मला सोडत नाही. दुपारची वेळ, वाळ्याच्या पडद्यावर रोझी पाणी मारत होती. तू म्हणालास, "चौथी ओळ रिकामीच राहिली, देवरे."

ओळ माझ्या जिभेवर आली होती. अगदी टोकावर. पण तुझ्या अंगावरचा तो हळदी रंग बघून मला आण आठवली. आता या क्षणी मोडायची? मी म्हटलं, "रिकामीच बरी वाटते."

तू हसलास. "चार वर्षं भांडलास. आता पटलं?"

"पटलं."

तू कुशीवर वळून माझ्याकडे बघितलंस. मग अगदी हळू आवाजात, तुझ्या त्या भयंकर हेलात विचारलंस, "तुना मनमा काय शे?"

मी म्हटलं, "काहीच नही."

काशिनाथ, मी आण मोडली नाही. तरी तू गेलास.

तेराव्याला तुझ्या गावी गेलो. पाहुणे पांगल्यावर माय ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. गावात आता पिठाची चक्की आली आहे. जातं मागच्या पडवीत भिंतीला उभं करून ठेवलं आहे. मी समोर बसलो. तीच म्हणाली, "भाऊ, त्या दिवशीच्या भाकरी त्यानं खाल्ल्या होत्या का?"

"खाल्ल्या. तीनही."

"काही बोलला?"

मी सांगितलं की मायच्या हातची लागते, म्हणाला. तिने मान हलवली. पदर सावरत विचारलं, "मंग तू त्याले सांगितलं कधी? मी आली होती ते?"

"नाही सांगितलं, माय. तुम्ही आण घातली होती."

तिला खरंच समजलं नव्हतं. "आण?" म्हणाली. "अरे, बायांच्या तोंडातून निघते ती. दिवसातून दहादा निघते. तू खरी धरली?"

"धरली."

"मले तर वाटलं तू त्याच सांजेले सांगशील. दोस्त ना त्याचा तू. म्हणूनच तर तुले बोलली, नाहीतर उठून मुकाट गेली नसती का?" तिचा आवाज चढला नाही, तो जमिनीकडे गेला. "मी वाट पाहत होती रे. पोळ्याले आला, मनात म्हटलं आता विचारेल. दिवाळीले आला, आता विचारेल. हा काही बोलेना, मी काही बोलेना. एकदा नुसतं म्हणाला असता, माय, दे ती ओळ. मी नही नही म्हणत दिली असती."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडलो. पाटीचं सांगितलं, गज दाबल्याचं सांगितलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हणून तो बाजा तितका मोठा झाला का? मले वाटलं, तो मले साथ करू राह्यला."

मग तिनेच सांगितलं की तुला ती ओळ का आठवत नव्हती. तू उगाच स्वतःला दोष देत होतास. ती चौथी ओळ तू जागा असताना म्हणायचीच नाही. तीन ओळी पुन्हा पुन्हा म्हणायची, मांडीवरचं डोकं जड झालं, श्वास संथ झाला, की मग चौथी, आणि मग जात्याचा वेग कमी करायची. तू ती ऐकली असणं शक्यच नव्हतं. आणि तुळशी, एकादशी, मावशी म्हणून मी जे यमक शोधत बसलो होतो, ते आख्खं वर्ष माझ्यासमोर बसून मला शिव्या देत होतं.

निघताना तिने विचारलं, "तुम्ही ते गाणं परत वाजवाल का?"

म्हटलं, "येत्या रविवारी. शोकसभेला भाषणं नकोत असं मी सेक्रेटरींना सांगून टाकलंय. गाणीच वाजवू."

"मंग मी येते. दार उघडं ठेवजो."

पाटी मी काल रात्रीच्या चुलीत घातली. तुझी वही उघडली आहे. तुझं अक्षर कसलं, कोंबडीचे पाय. म्हणून माझ्या व्हायोलाची ओळ मीच तुला स्वच्छ उतरवून दिली होती, आणि तिच्या वर शब्दांसाठी तू बोटभर कोरी जागा सोडायला लावली होतीस. नकाशावर गावांची नावं घालतो त्या पेनाने मी आज त्या जागेत शब्द लिहिले. एक अक्षर तिरकं गेलं आहे, चालवून घे.

रविवारी तुझी खुर्ची पियानोजवळ असेल, तिच्यावर व्हायोलिन. रोझीने विचारलं, चौथी ओळ मी म्हणू का? मी नको म्हटलं. माय दाराजवळ बसणार आहे, माझ्या खुर्चीला लागून. ती म्हणेल, नाहीतर नाही म्हणणार. मी गज हलका धरीन, तू सांगितला होतास तसा.

आता ऐक. आणि निदान आज तरी तिसऱ्या ओळीवर झोपू नकोस.

पाटाचं गं पाणी केळीच्या मुळाशी,
जीव माझा गुंतला लेकराच्या उशाशी,
पहाटेचा वारा आला गं दाराशी,
हळू फिर, जात्या, निजला माझा काशी.